पडद्यावरच्या दोघांवर प्रेम, घरातल्या एकाचं काय?

आमच्या दर महिन्याच्या अभ्यासवर्गात मागच्या वेळी विषय होता 'चित्रपटातली स्त्री'. बोलता बोलता चर्चा बीएलवर, म्हणजे 'बॉईज लव्ह' मालिकांवर येऊन ठेपली. समोरच्या मुलींचे डोळे चमकले. मागच्या खुर्च्यांवरच्या ज्येष्ठांना हे काय प्रकरण आहे ते समजावून सांगावं लागलं: दोन पुरुषांची प्रेमकथा, बहुतेक वेळा बाईने लिहिलेली आणि बहुतेक वेळा बायकांनीच डोक्यावर घेतलेली. जपानी मांगा, चिनी कादंबऱ्या, थाई आणि कोरियन मालिका.

एक मुलगा उठून म्हणाला की या मालिका समलिंगी पुरुषांचा अपमान करतात. त्यावर बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी ताडकन म्हणाली, "मी रात्र रात्र जागून दोन पुरुषांच्या प्रेमासाठी रडते आणि तुम्ही मला समलिंगीद्वेष्टी म्हणता?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी जाताना रिक्षात मात्र त्या टाळ्या मला टोचायला लागल्या. कारण हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी चार वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाला ऐकवलं होतं. तो गे आहे. त्या वाक्यानंतर तो माझ्याशी सात महिने बोलला नाही.

त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे. खानदानात कोणी ओळखू नये म्हणून या लेखाखाली माझंही नाव नाही.

आधी माझी कबुली. मी या मालिका बघते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेजचे तास मोबाईलवर चालायचे, दिवसभर काळ्या चौकोनांना शिकवायचं आणि रात्री डोकं रिकामं करायला काहीतरी हवं असायचं. तेव्हा थायलंडची '२गेदर' यूट्यूबवर फुकट होती. पहिले दोन भाग एका रात्रीत संपवले. त्यानंतर 'सोटस', 'थार्नटाइप', जे मिळेल ते. तेव्हा या मालिकांकडे मी बाहेरून नाक मुरडत आलेली नाही. आतून बोलते आहे.

आता त्या '२गेदर'चीच गोष्ट नीट बघा. टाईन नावाचा देखणा, मुलींच्या मागे लागणारा कॉलेजकुमार आहे. ग्रीन नावाचा एक नाजूक हावभावांचा मुलगा त्याच्या प्रेमात पडतो आणि पाठ सोडत नाही. ग्रीनला हाकलण्यासाठी टाईन कॉलेजातल्या दुसऱ्या देखण्या मुलाला, सारावतला, गळ घालतो की माझा खोटा प्रियकर हो. खोट्याचं खरं होतं. मालिका जगभर गाजते.

म्हणजे काय झालं? जो मुलगा पहिल्या दिवसापासून उघडपणे सांगतो की मला पुरुष आवडतो, तो या कथेतली कटकट आहे. त्याच्या चालण्यावर, आवाजावर, लाडेलाडे बोलण्यावर आपण हसायचं. त्याच्यापासून सुटका हेच कथानकाचं इंजिन. प्रेम मिळतं ते दोन 'मर्दानी' मुलांना. पुढे ग्रीनलाही जोडीदार मिळतो, हे मान्य. पण तोवर आपण त्याला कितीदा हसलेले असतो! मी हसले होते. माझ्या आतेभावाने ही मालिका माझ्याच आग्रहाने पाहिली, आणि तिसऱ्या भागानंतर मला एवढंच लिहिलं: "आपा, तुझ्या या गोष्टीत मी ग्रीन आहे."

मला ते कळलंच नाही. मी उत्तरात हसण्याचे चेहरे पाठवले.

बीएलचा सगळ्यात लाडका संवाद कोणता, ते या मालिका बघणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. मी गे नाही, मला फक्त तू आवडतोस. ऐकायला किती गोड. प्रेम इतकं मोठं की ते स्त्री-पुरुष भेदाच्या पलीकडे गेलं! पण हेच वाक्य एका गे मुलाच्या कानाने ऐका. गे असणं ही काहीतरी कमीपणाची गोष्ट आहे, नायक तसा नाही, त्याचं प्रेम त्या घाणीपासून स्वच्छ आहे, असं ते वाक्य सांगतं. कोणी म्हणालं की मी मुसलमान नाही, मला फक्त तुझ्या घरची बिर्याणी आवडते, तर आपल्याला त्यात काय ऐकू येईल?

मग ती वाटणी. जपानी बीएलने 'सेमे' आणि 'उके' असे दोन साचे घडवले. एक उंच, धिप्पाड, कमी बोलणारा, पुढाकार घेणारा. दुसरा लहानखुरा, लाजणारा, सतत लाल होणारा. थाई मालिकांमध्ये तर मित्रमंडळी सरळ एकाला 'बायको' म्हणून चिडवतात. नवरा-बायकोचं तेच जुनं माप, फक्त बाईच्या जागी मुलगा. माझ्या भावाच्या ऑफिसात बीएलवेड्या तीन मुली आहेत. त्याने त्यांना विश्वासाने सांगितलं तेव्हा त्या आनंदाने किंचाळल्याच म्हणे, जणू लॉटरी लागली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पहिला प्रश्न आला: तुमच्यात 'तो' कोण आणि 'ती' कोण? फुफी किंवा फुफाने असा प्रश्न विचारला असता तर आपण त्याला मागासलेपणा म्हटलं असतं. काही महिन्यांनी त्याने आपल्या जोडीदाराची ओळख करून दिली. एकेचाळीस वर्षांचा, डोक्यावर केस कमी, पोट थोडं सुटलेलं, हिशेबाच्या कामातला माणूस. मुली सभ्यपणे हसल्या. त्यानंतर त्यांनी त्याच्याबद्दल कधी विचारलं नाही.

'थार्नटाइप' (२०१९) बद्दल लिहायला मला जड जातं, कारण ती मला आवडली होती. टाइपला लहानपणी एका पुरुषाने केलेल्या लैंगिक अत्याचारामुळे गे माणसांचा तिरस्कार आहे. हॉस्टेलच्या खोलीत त्याच्या वाट्याला येतो तो थार्न, जो गे आहे. आणि सुरुवातीच्याच भागांत थार्न संमतीशिवाय त्याच्या अंगाशी जातो. पुढे हेच प्रेम होतं. आपल्याकडच्या हिंदी सिनेमात पिच्छा पुरवणाऱ्या नायकावर आपण बायकांनी किती लेख लिहिलेत! मग दोन्ही बाजूंना पुरुष आहेत म्हटल्यावर आपलं स्त्रीवादी डोकं कुठे गेलं? गे माणूस म्हणजे झोपेतही ज्याच्यापासून जपायला हवं असा माणूस, हा समज जगातल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. माझा भाऊ गावी आला की एका चुलतभावाची बायको आपल्या मुलाला त्याच्या खोलीत झोपू देत नाही. तिने 'थार्नटाइप' पाहिलेली नाही. पण दोघांचं म्हणणं एकच आहे.

हा वाद नवा नाही. जपानमध्ये तो १९९२ सालीच पेटला होता. मासाकी सातो नावाच्या गे कार्यकर्त्याने 'शोआझिर' या स्त्रीवादी नियतकालिकात 'याओई'वर, म्हणजे तेव्हाच्या बीएलवर, जळजळीत पत्र लिहिलं. त्याचा मुद्दा असा होता की या बायकांना आम्ही माणसं म्हणून नको आहोत, त्यांना सुंदर बाहुल्या हव्यात, आणि आमच्यातला जो सुंदर नाही तो त्यांच्या लेखी कचरा. समलिंगी स्त्रियांची अश्लील चित्रं बघणारा लंपट पुरुष आणि या बायका यांच्यात त्याला फरक दिसेना. भाषा कडू होती, काही ठिकाणी चक्क बाईद्वेष्टी होती. पण उत्तरं काय आली बघा. काही लेखिका-वाचक अंतर्मुख झाल्या, त्यांनी पुढची काही वर्षं वाद चालू ठेवला, हे त्यांचं मोठेपण. बाकीच्यांचं उत्तर मात्र आजही आपल्याला तोंडपाठ आहे: हे तुमच्याबद्दल नाहीच, ही आमची कल्पना आहे, आम्हाला आमच्या कोपऱ्यात राहू द्या.

या उत्तरात निम्मं खरं आहे. ते निम्मं आधी सांगते.

बाईला या कथा का लागतात? कारण स्त्री-पुरुषाच्या प्रेमकथेत बसायला गेलं की बाई स्वतःला मोजायला लागते. नायिका माझ्यापेक्षा गोरी आहे, बारीक आहे, तिची अब्रू, तिचा हुंडा, तिची पाळी चुकणं, तिचा तलाक. दोन मुलांच्या कथेत तिला स्वतःचा देह बाहेर ठेवून प्रेम बघता येतं. १९७०च्या दशकात केइको ताकेमिया, मोतो हागियो यांच्या पिढीने मुलींच्या मासिकांत मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा काढल्या, तेव्हा त्यामागे ही घुसमट होती. मला ती कळते. सतरा वर्षं संसार करून मला ती चांगलीच कळते. म्हणून जे लोक 'पोरींचं खूळ' म्हणून बीएलची टिंगल करतात त्यांच्याशी माझं जमत नाही. बाईने वासनेबद्दल, कल्पनेबद्दल तोंड उघडलं की त्यांना मळमळतं, गे माणसाचं दुःख हे फक्त निमित्त.

आणि बंदी हवी म्हणणाऱ्यांनी चीनकडे बघावं. २०१८ मध्ये अनहुई प्रांतातल्या न्यायालयाने 'त्येनयी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका बाईला अशीच एक कादंबरी लिहून विकल्याबद्दल साडेदहा वर्षांची शिक्षा दिली. साडेदहा वर्षं. २०२१ मध्ये तिथल्या नियामकाने वाहिन्यांना 'बायकी' पुरुष दाखवणं बंद करायला सांगितलं. म्हणजे बंदी बाईवर आली आणि ग्रीनवरही. दोघांचा न्यायाधीश एकच. मधल्या काळात 'द अनटेम्ड' (२०१९) सारख्या मालिकेत मूळ कादंबरीतलं प्रेम पुसून 'जिवलग मैत्री' केली आणि भरपूर पैसा कमावला. प्रेम कापा, बाजार ठेवा. तेव्हा सरकारी कात्री कोणाच्या बाजूची नसते. मला तिची बाजू घ्यायची नाही.

पण 'हे तुमच्याबद्दल नाही' याचं दुसरं निम्मं खोटं आहे. चेहरा त्यांचा, शरीर त्यांचं, ज्या प्रेमासाठी ते घराबाहेर काढले जातात ते प्रेम त्यांचं, आणि तरी त्यांच्याबद्दल नाही? हितोशी इशिदा या जपानी अभ्यासकाने याच 'आम्हाला राहू द्या'वर बोट ठेवलं होतं. दुसऱ्याची प्रतिमा उचलायची आणि त्याने तोंड उघडलं की हा आमचा खासगी कोपरा आहे म्हणायचं, हे चालणार नाही.

या मासिकाच्या वाचकांना हे मी जास्त समजवायची गरज नाही. आपण त्या कोपऱ्यातून आलो आहोत. 'चौदहवीं का चाँद', 'मेरे मेहबूब', 'पाकीज़ा'. नवाब, तवायफ, मुशायरा, चिलमन, 'आदाब अर्ज़'. लोकांनी त्या सिनेमांवर जीव टाकला. त्या सिनेमात आमच्या मिरजेचा पिंजारी कुठे होता, मालेगावचा यंत्रमागवाला कुठे होता? 'शोले'तले इमामसाहेब मुलगा गमावतात तेव्हा सगळं थिएटर रडतं. त्याच थिएटरातून बाहेर पडलेला माणूस मला भाड्याने खोली देत नाही. त्या सिनेमांनी त्याला मुसलमानद्वेष्टा केलं असं मी म्हणत नाही. पण आपण मुसलमानांवर प्रेम करतो असं त्याला वाटायला लावलं, आणि हे वाटणं फार स्वस्तात पडलं.

माझ्या भावाने त्या भांडणात मला हेच सांगितलं होतं, फक्त माझ्या अंगावर. झालं असं होतं की ईदच्या दुपारी सगळे जमलेले. टीव्हीवर कोणीतरी नाजूक बोलणारा विनोदी नट आला. मामूंनी नक्कल केली, हात हलवून. सगळे हसले. मी शीरखुर्म्याच्या वाट्या धुवायला आत गेले. त्याच रात्री बारा वाजता मी त्याला एका नव्या मालिकेची लिंक पाठवली, रडक्या चेहऱ्यासकट. त्याचं उत्तर आलं: "आपा, दुपारी तू कुठे होतीस?" मी चिडले. चिडून ते वाक्य लिहिलं, की मी तुमच्यासाठी रात्र रात्र रडते आणि तू मलाच...

'तुमच्यासाठी'. सात महिने त्या शब्दावर विचार करायला पुरेसे होते.

कोणी म्हणेल, थायलंडमध्ये तर याच मालिकांमुळे समलिंगी विवाहाचा कायदा आला. हे मी अभ्यासवर्गातही ऐकलं. जरा तारखा बघू. २०२१ साली बीएलची लाट भरात होती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थायलंडच्या घटनात्मक न्यायालयाने, विवाह फक्त स्त्री-पुरुषांचा हा कायदा घटनेला धरून आहे असं सांगितलं. कायदा झाला तो २०२४ मध्ये आणि पहिले विवाह नोंदवले गेले २३ जानेवारी २०२५ रोजी. मधल्या काळात रस्त्यावर कोण होतं, संसदेत मसुदे कोणी मांडले, सह्या कोणी गोळा केल्या? मालिकांनी हवा तयार केली असेल, मी नाकारत नाही. पण कार्यकर्त्यांच्या वर्षानुवर्षांच्या कामाचं श्रेय दोन गोंडस नटांच्या पोस्टरला देणं हा पुन्हा तोच प्रकार: माणसं पुसायची, प्रतिमा ठेवायची. शिवाय तिथल्या ट्रान्स व्यक्तींना कागदोपत्री आपलं लिंग बदलून घेण्याचा हक्क त्या कायद्याने दिलेला नाही. त्यांच्यासाठी अजून कोणी रात्र जागवलेली मी पाहिली नाही.

आणि 'ही तर फँटसी, या साच्यात याहून वेगळं होणारच नाही' हेही खरं नाही. याच थाई कंपनीने, जिने '२गेदर' काढली, पुढे 'नॉट मी' काढली आणि तीत विवाह-समानतेचा मोर्चा, भलामोठा इंद्रधनुषी झेंडा कथेच्या मधोमध आणला. 'मूनलाइट चिकन' (२०२३) मध्ये पटायातला चिकन-भाताचं दुकान चालवणारा, कर्जात बुडालेला, तरुण राहिलेला नाही असा माणूस नायक आहे. त्याला भाडं भरायचं आहे, भाच्याला वाढवायचं आहे, आणि तो गे आहे. कोणी 'मी गे नाही पण' म्हणत नाही. म्हणजे जमतं. जमतं आणि लोक बघतातही. मग जिथे करत नाहीत तिथे ती निवड असते, साच्याची मर्यादा नव्हे.

आपल्या मराठीत रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद आणि त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या. दिग्दर्शक स्वतः गे आहे, गोष्ट त्याच्या जगण्यातून आलेली आहे. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या गटातलं सर्वोच्च पारितोषिक या सिनेमाने मिळवलं. अभ्यासवर्गात मी विचारलं, कोणी पाहिला? अठरा-वीस मुलींमध्ये दोन हात वर आले. बँकॉकच्या हॉस्टेलची खोली पाठ आहे. ज्या सिनेमात आपलीच भाषा बोलली जाते, शेळ्या आहेत, दहाव्याचा स्वयंपाक आहे, तो जड वाटतो. सिनेमा संथ आहे हे मान्य. आनंद काही सारावतइतका देखणा नाही, हे खरं कारण.

आपल्या घरातली गोष्ट राहिली. उर्दू ग़ज़लेतला माशूक व्याकरणाने पुरुष असतो. मीरने तर उघडच मुलांवर शेर लिहिलेत. आमच्या मामूंना ते पाठ आहेत आणि ते फार सुंदर म्हणतात. सलीम किदवई यांनी रूथ वनिता यांच्याबरोबर २००० साली भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या साहित्याचं मोठं संकलन काढलं, त्यात हे सगळं कागदोपत्री आहे. किदवई मध्ययुगीन इतिहासाचे प्राध्यापक, मुसलमान, आणि उघडपणे गे. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा आपल्या किती उर्दू मुशायऱ्यांतून त्यांच्यासाठी दोन शब्द निघाले? शेर हवा, शायर हवा, शेरातला लौंडा हवा. सोफ्यावर बसलेला भाचा नको. बीएल बघणाऱ्या मुलींवर दगड मारण्याआधी आपण वडीलधाऱ्यांनी हेही मोजावं.

त्या बी.एस्सी.च्या मुलीला मी नंतर फोन केला. मालिका बंद कर असं सांगितलं नाही, मीही बंद केलेल्या नाहीत. एवढंच सांगितलं की त्या मुलाचं बोलणं तू पुरतं ऐकलं नाहीस आणि मी तुझ्यासाठी टाळ्या वाजवून चूक केली. ती रुसली. म्हणाली, "मॅडम, पण तो कुठे गे आहे? त्याला काय त्रास?" मी विचारलं, तुला कसं माहीत? बराच वेळ ती काही बोलली नाही.

या ईदला मामूंनी पुन्हा नक्कल केली. नट वेगळा, हात तेच. मी म्हणाले, "मामू, बस करा, मला हे आवडत नाही." ते म्हणाले, "अगं, मस्करी आहे." मी म्हणाले, "माहीत आहे, तरी नको." खोलीत थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज. मामी म्हणाल्या, प्रोफेसरीण झाल्यापासून हिला मस्करी कळत नाही. मग कोणीतरी क्रिकेट लावलं.

भाऊ कोपऱ्यात फोन बघत बसला होता. त्याने मान वर केली नाही. रात्री त्याचा निरोप आला, त्याबद्दल एक शब्द नाही. 'मूनलाइट चिकन'चा दुसरा भाग बघतोय, भूक लागली, एवढंच.